मंगळावर स्टोअर नाही

मंडळी, गेल्या अंकात मी कबूल केलं होतं की या वेळी घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहीन. तो लेख अर्धा लिहून पडला आहे. मधेच चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला आणि गेले पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही.

झालं असं. माझी नात इथे वडोदऱ्याला आमच्याकडे राहून मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला शिकते. कॅम्पसमधून तिला हजिऱ्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. पगाराचा आकडा ऐकून तिच्या आजीनं देवापुढे साखर ठेवली. आणि ही मुलगी म्हणते, नोकरी नको. फेब्रुवारीत गेट देणार, एम.टेक. करणार, आणि अंतराळयानात माणसांना हवा-पाणी पुरवणारी जी यंत्रणा असते तिच्यावर काम करणार. का, तर माणूस मंगळावर जाणार आहे.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती तुमचं ऐकते. हे सगळं फॅड आहे, एवढं तिला तुमच्या भाषेत समजावून सांगा. महिनाअखेर होकार कळवायचाय."

"बघतो" म्हटलं. फोन ठेवला आणि मला २०१३ सालचा आपल्या मंडळाचा गणेशोत्सव आठवला. जुन्या सभासदांना आठवत असेल, त्या वर्षी माझं भाषण ठेवलं होतं. विषय मीच निवडला होता, 'मंगळावर माणूस'. मार्स वन नावाच्या एका डच कंपनीची तेव्हा फार चर्चा होती. चार माणसं मंगळावर पाठवायची, परतीचं तिकीट नाही, खर्च ६ अब्ज डॉलर, आणि पैसा उभा करायचा तो टीव्हीवर त्या वसाहतीचा रिॲलिटी शो दाखवून. दोन लाखांहून जास्त अर्ज आल्याचं कंपनी सांगत होती. मी त्या भरात मांडवात जाहीर करून टाकलं की दहा-बारा वर्षांत माणूस मंगळावर उतरेल, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी त्यात असेल! टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सतरंजीवर आठ वर्षांची नात बसली होती, सुट्टीला आलेली.

तेव्हा हे खूळ, खूळ असेलच तर, मीच लावलेलं आहे. निदान हिशेब तरी नीट करायचा म्हणून मी जुनी वही काढली.

आधी मार्स वनचं काय झालं ते सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी त्या कंपनीनं जाहीर केलेली योजना घेतली आणि तिचं गणित मांडलं. पिकं वसाहतीतच वाढवायची, असं कंपनी म्हणत होती. पिकं वाढली की हवेत ऑक्सिजन वाढणार, आगीचा धोका होणार. तो बाहेर सोडायचा तर सोबत नायट्रोजनही जाणार, आणि हवेचा दाब टिकवायला नायट्रोजन उरणार नाही. या हिशेबानं पहिला माणूस ६८ व्या दिवसाच्या सुमारास दगावतो, असं त्यांनी लिहिलं. पहिल्या चौघांसाठीच पंधराच्या आसपास मोठी रॉकेटं लागतील, साडेचार अब्ज डॉलर नुसत्या उड्डाणांचे, असाही आकडा दिला. कंपनीच्या प्रमुखांनी उत्तर दिलं की ऑक्सिजन वेगळा काढण्याचं तंत्र पृथ्वीवर वापरात आहे. ते खरंही आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या कोर्टानं कंपनी दिवाळखोरीत काढली. रॉकेट तर सोडाच, उडवण्यासारखं काही तयारच झालं नव्हतं.

त्या अहवालातला ६८ दिवसांचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. मला मात्र दुसराच एक आकडा वाचून घाम फुटला. दर खेपेला नवी माणसं पाठवत गेलं, तर १३० महिन्यांनी मंगळावर जाणाऱ्या मालात ६२ टक्के वजन नुसत्या स्पेअर पार्टचं असेल.

हे मला का लागलं ते सांगायला थोडं माझं पुराण लावावं लागेल. माझी चौतीस वर्षं केमिकल प्लँटच्या मेंटेनन्समध्ये गेली. आमच्याकडे 'इन्शुरन्स स्पेअर' असा एक प्रकार असतो. म्हणजे असा भाग, जो कदाचित वीस वर्षांत एकदाही लागणार नाही, पण लागला आणि नसला तर कारखाना बंद. तो तेल लावून, कागदात गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवायचा. दर मार्चला अकाउंट्सवाले विचारणार, "साहेब, हा माल हलत नाही, एवढा पैसा का अडकवून ठेवलाय?" एका वर्षी मी त्यांच्या दबावाला बळी पडलो आणि एका पंपाच्या मेकॅनिकल सीलची संख्या दोनावरून एकावर आणली. सही माझीच. त्याच पावसाळ्यात एक सील गेलं, त्याच्या जागी बसवलेलं दुसरं आठ दिवसांत गेलं. प्लँट उभा! मुंबईच्या सप्लायरकडून एक फिटर रात्रीच्या गाडीनं सील मांडीवर घेऊन आला, तान्हं मूल आणावं तसं. तो सकाळी स्टेशनवर उतरला तेव्हा मी स्वतः स्कूटर घेऊन उभा होतो.

आता बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. वडोदरा ते मुंबई रेल्वेनं साधारण तेवढंच. म्हणजे तिथे काही मोडलं तर रात्रीच्या गाडीची सोय आहे म्हणायची, गाडी फार महाग असली तरी. डिसेंबर २०१३ मध्ये स्थानकाच्या कूलिंगचा अमोनियाचा पंप बिघडला. जास्तीचा पंप स्थानकाच्या बाहेरच बांधून ठेवलेला होता. दोन अंतराळवीरांनी दोनदा बाहेर जाऊन तो बदलला, दुसऱ्यांदा गेले ती २४ डिसेंबरची तारीख. वाचून मला त्या अनोळखी स्टोअरकीपरला नमस्कार करावासा वाटला.

मंगळाचं तसं नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी यायला सुमारे २६ महिने लागतात. त्या मुहूर्ताला यान सोडलं तर सहा ते नऊ महिन्यांत पोचतं. मुहूर्त चुकला तर बसा पुढच्याची वाट बघत. समजा मालवाहू यान निघालं आणि दुसऱ्या दिवशी तिकडे सील गेलं. पुढची गाडी २६ महिन्यांनी, वर प्रवासाचे सात महिने. ३३ महिने! आणि फोन करून विचारायचं म्हटलं, तर अंतरानुसार आवाज पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. एक माणूस जाऊन परत येईतो अडीच-तीन वर्षं होतात, आणि तेवढ्या काळाचं सगळं आधीच सोबत हवं. काय मोडेल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्याचंच जास्तीचं हवं.

बाकीच्या अडचणी तुम्ही वाचलेल्या असतील, त्या भराभर सांगतो. किरणोत्सार. क्युरिऑसिटी गाडी २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यातल्या उपकरणानं वाटेवर रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले. आपल्याला निसर्गातून वर्षभरात जेवढा मिळतो तेवढा तिथे दीडेक दिवसात. जाऊन-येऊन साधारण ६६० होतात, आणि नासानं एका अंतराळवीराला सबंध नोकरीत घालून दिलेली मर्यादा ६०० आहे. मंगळावर राहण्याचे दिवस यात धरलेले नाहीत.

उतरणं. १९५० च्या दशकात रॉकेटवाल्या वेर्नहर फॉन ब्राउननं मंगळमोहिमेचं पहिलं तपशीलवार पुस्तक लिहिलं. १० यानं, ७० माणसं, आणि सामान वर न्यायला ९५० उड्डाणं. खाली उतरायला त्यानं पंखवाली ग्लायडर योजली होती, कारण मंगळावर हवा पुरेशी आहे असा तेव्हाचा समज होता. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेलं आणि कळलं की तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ग्लायडर रद्द. हवा इतकी विरळ की पॅराशूट धड काम करत नाही, आणि इतकी तरी आहेच की यान तापून जळावं. आजवर तिथे उतरवलेली सर्वात जड गाडी म्हणजे २०२१ ची पर्सिव्हिअरन्स, १०२५ किलोची, एका मोटारीएवढी. माणसं उतरवायची तर एका खेपेला वीसेक टन लागतील.

आणि परत येणं. त्यासाठी लागणारं इंधन इथून वाहून न्यायचं तर प्रकरण हाताबाहेर जातं, म्हणून निदान ऑक्सिजन मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तिथेच बनवायचा असा बेत आहे. पर्सिव्हिअरन्सवर मॉक्सी नावाचं १७ किलोचं यंत्र त्यासाठीच बसवलं होतं. आत ८०० अंश तापमान. त्यानं दोन-अडीच वर्षांत १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका. नासाला त्याचं फार कौतुक, आणि मलाही आहे, कारण यंत्र दिलेल्या कामापेक्षा चांगलं चाललं. पण चार माणसांना मंगळावरून वर उचलायला लागणार सुमारे २५ टन ऑक्सिजन. मॉक्सीचा सर्वात चांगला वेग तासाला १२ ग्रॅम होता. मी भागाकार केला: २३८ वर्षं. म्हणजे निदान शंभरपट मोठं यंत्र, माणसं पोचायच्या आधी, कुणी हात लावायला नसताना, दोन वर्षं एकसारखं चालायला हवं. आमचे प्लँट वर्षातून एकदा शटडाऊन घेत, तेव्हा तीनशे माणसं पाने घेऊन आत शिरत.

पैशाचं बघू. आपल्या मंगळयानाचा खर्च ४५० कोटी. २०१४ मध्ये सगळ्यांच्या तोंडी एक हिशेब होता, किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. छाती फुगावी असंच ते काम होतं. पण त्या रिक्षात बसायला जागा नव्हती, ती मंगळावर उतरली नाही आणि परतही आली नाही. तिच्यातली उपकरणं होती पंधराएक किलोंची. माणूस घातला की हिशेबाची वहीच बदलते. गगनयान फक्त ४०० किलोमीटर वर जाणार आहे, तरी त्याला मंजूर रक्कम आता २० हजार कोटींवर गेली आहे.

आणि मंगळावरून काही परत आणायचं तर? माणूस राहू दे, माती आणायची. पर्सिव्हिअरन्सनं नळकांड्यांत भरून ठेवलेले नमुने आणायचे, सगळे मिळून अर्धा किलोच्या आसपास. २०२३ मध्ये नासानं नेमलेल्या स्वतंत्र समितीनं सांगितलं, ८ ते ११ अब्ज डॉलर लागतील. वरचा आकडा धरला तर आपले ९० हजार कोटींच्या वर. आपल्या अंतराळ विभागाची वर्षाची तरतूद १३ हजार कोटींच्या घरात आहे. पुढच्या वर्षी नासानंच हात टेकले आणि दुसऱ्या स्वस्त योजना मागवल्या. अर्ध्या किलो मातीची ही कथा.

माणसांचा आकडा १९८९ मध्ये एकदा काढून झाला आहे. २० जुलैला, चंद्रावर उतरल्याच्या विसाव्या वाढदिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी मंगळाची घोषणा केली. नासानं तीन महिने बसून योजना केली, तिची किंमत ४०० ते ५०० अब्ज डॉलर निघाली, आणि तिकडच्या संसदेनं ती ऐकून घेतली एवढंच. पुढच्याच वर्षी रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या दोन इंजिनीअरांनी इंधन मंगळावरच बनवायची योजना मांडली आणि खर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी दाखवला. मला झुब्रिनची हिंमत आवडते, पण त्याच्या अंदाजपत्रकावर मी सही करणार नाही. हल्ली स्टारशिपचं नाव सगळे घेतात. तिच्या मालकांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की २०२४ साली माणसं निघतील. मी मांडवात बोललो होतो त्याच जातीचं ते बोलणं.

एवढं सगळं वहीत उतरवून मी एका रविवारी सकाळी नातीला हाक मारली. आजीनं पोहे पुढे ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मी पाऊण तास बोललो. मुलीनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. मला वाटलं, पटतंय.

मग ती म्हणाली, "आबा, मला कुठे मंगळावर जायचंय? पावागढच्या रोपवेत मला मळमळतं."

आजी हसली. मी जरा घुश्शातच विचारलं, "मग हे कशासाठी चाललंय?"

"तुम्ही ते ६२ टक्के म्हणालात ना, त्याच्यासाठी. तुम्हाला स्थानकावरच्या लघवीच्या मशीनची गोष्ट माहितेय?"

नव्हती माहीत. तिनं सांगितली ती अशी. स्थानकावर लघवीपासून पिण्याचं पाणी करण्याचं यंत्र २००८ च्या शेवटी नेलं. त्यातून ८५ टक्के पाणी परत मिळायचं ठरलं होतं. २००९ मध्ये ते तुंबलं. उघडून पाहिलं तर आत कॅल्शियम सल्फेटचा थर. जमिनीवरच्या चाचण्यांत असं झालं नव्हतं. वजनरहित अवस्थेत माणसाची हाडं झिजतात, हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि ते यंत्रात जाऊन बसलं.

मी ताठ होऊन बसलो. "म्हणजे स्केलिंग! आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतं तसं. मग आधी ॲसिड सोडत नव्हते का?"

"सोडत होते ना, सल्फ्युरिक. सल्फेट तिथूनच येत होतं. मग काही वर्षं पाणीच कमी काढलं, सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थर बसणार नाही. नंतर फॉस्फोरिक ॲसिड केलं."

तिच्या आजीला पोह्यांच्या पुढ्यात हा विषय मुळीच रुचला नव्हता, पण आमचं पुढे तासभर तेच चाललं. नात म्हणाली, आता सगळी यंत्रणा मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवते, २०२३ मध्ये तो टप्पा गाठला. पण एकूण यंत्रणा सुटे भाग किती खाते, हा प्रश्न उरलाच आहे. रॉकेट स्वस्त झालं तर जास्त स्पेअर नेता येतील हे खरं, तरी वीस वेगवेगळ्या पंपांचे वीस स्पेअर नेण्यापेक्षा सगळीकडे एकच पंप बसवला तर चार नेऊन भागेल. मी तिला अपोलो १३ ची आठवण दिली. एप्रिल १९७० मध्ये हवा शुद्ध करणारे डबे एका यानात चौकोनी आणि दुसऱ्यात गोल होते, आणि एकाचे दुसऱ्यात बसवायला बिचाऱ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, वहीचे पुठ्ठे आणि चिकटपट्टी वापरावी लागली. हे तिला माहीत होतं. आमच्या प्लँटमध्ये दोन विभागांनी दोन मेकचे पंप घेतल्यावर काय झालं, ते मात्र माहीत नव्हतं. ते मी सविस्तर सांगितलं.

शेवटी मी जे विचारायचं ठरवलं होतं ते विचारलंच. "आणि नाहीच गेलं कुणी तर? तुझ्या हयातीत? मी तुला मांडवात खोटं सांगितलं होतं, लक्षात आहे ना?"

ती थोडा वेळ बशीत चमचा फिरवत राहिली. म्हणाली, "त्याचा विचार करते मी, आबा. रात्री करते. नाही गेलं तर माझी पंचवीस-तीस वर्षं अशा यंत्रावर जातील, जे कधी निघालंच नाही." मग म्हणाली, "तुमच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं न लागलेले भाग होते ना?"

होते. मी काही बोललो नाही, आणि आजी चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी तिनं माझ्या शटडाऊनच्या डायऱ्या मागितल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकरा डायऱ्या निघाल्या, दोन वाळवीनं खाल्लेल्या. कुठला पंप किती दिवसांनी उघडला, सील का गेलं, सगळं तारीखवार आहे. तिला त्यातून बिघाडाचे आकडे काढून बघायचेत, गेटच्या अभ्यासाच्या मधे. माझं अक्षर तिला लागत नाही, म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी वाचतो आणि ती लॅपटॉपवर उतरवते. काल आम्ही १९९१ च्या पावसाळ्यापर्यंत आलो. ते दुसरं सील मीच घाईत बसवून घेतलं होतं, अलाइनमेंट तपासली नव्हती, असं माझ्याच हातानं तिथे लिहिलेलं आहे. मी ते वाक्य गाळून पुढे जाणार होतो. मग वाचलं.

चिरंजीवांना मी अजून उलट फोन केलेला नाही. महिना संपायला नऊ दिवस आहेत. सूनबाई हे सदर न चुकता वाचून दाखवतात असं ऐकून आहे, तेव्हा हा अंक निघाला की त्यांचाच फोन येईल.

बॅटरीचा लेख पुढच्या अंकात.